दोन नंबरच्या खोलीची पाटी

विलास,

रविवारी, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. सुजातानं फोन केला तेव्हा आधीच ताकीद दिली, "काका, रडवायचं नाही हां. बाबा रडणाऱ्याला चहा द्यायचे नाहीत." मी म्हटलं, "पोरी, तुझ्या बापानं मला चहा देताना कधी माझं तोंड बघितलं नाही, कप किती भरलाय तेवढंच बघितलं." ती हसली. तुझ्यासारखीच हसते, आधी नाकातून.

पाच मिनिटांत माझं भागणार नाही, म्हणून लिहून काढतोय. तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, नोकरी कुठे, हे सगळं तुझा पुतण्या सांगेल. मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. तो तू मला पंचवीस वर्षांहून जास्त विचारलास. दरसाल, द्राक्षाचा पहिला घड शीतगृहात आला की.

"सांगितलंस का रं?"

आणि मी म्हणायचो, "सांगतो."

सुरुवातीपासून लिहितो. रविवारी समोर बसलेल्या निम्म्या लोकांना तासगावचं आपलं शीतगृह ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना ते तुझ्या टोपणनावानंच ठाऊक आहे.

मी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. सिग्नलमध्ये वीस वर्षं तारा जोडल्या होत्या, म्हणून द्राक्ष बागाईतदारांच्या संस्थेनं मला शीतगृहाच्या 'संगणक विभागा'त घेतलं. विभाग म्हणजे एक खोली, एक पंखा आणि मी. तू आधीपासून तिथेच होतास, कॉम्प्रेसरवर. पहिल्या दिवशी मी तुला विचारलं, यंत्र बरं चाललंय हे कशावरून कळतं? तू बोट ओठावर ठेवलंस. मिनिटभर आपण दोघं नुसते उभे. मग म्हणालास, "ऐकलंसा? आत्ता खोकला त्यो. आज दुपारी तेल बघाय पायजे." दुपारी खरंच तेल कमी निघालं. त्या दिवसापासून मी तुला मानायला लागलो, आणि तू मला 'तुमी' म्हणायचं सोडून दिलंस.

तुझा दुसरा गुण तळहात. खोलीच्या दारावर हात ठेवून आतलं तापमान सांगायचास. मी पैज लावायचो, तू जिंकायचास, आणि पैजेची भजी मलाच आणावी लागायची. "हात तीन म्हणतोय," तू म्हणायचास, आणि आतला काचेचा थर्मामीटर तीन किंवा साडेतीन दाखवायचा.

मग संगणक आला. लोकांना वाटतं आपलं त्यावरून भांडण झालं. भांडण कसलं, ती आपली करमणूक होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीची, सीडी आली, मी ती यंत्रावर चढवली, आणि जुन्या इमारतीतल्या चार खोल्यांमध्ये तापमान मोजणाऱ्या तारा टाकून त्या संगणकातल्या एका कार्डाला जोडल्या. स्क्रीनवर चार आकडे दिसायला लागले. तू रोज सकाळी चहा घेऊन माझ्या दारात उभा राहायचास, कारण यंत्र सुरू होताना पडद्यावर भराभरा ओळी पळायच्या आणि तुला ते फार आवडायचं.

"उठला का तुझा सायेब?"

"उठतोय."

"हजेरी घेतोय बग. कोण आलं, कोण न्हाई आलं. मुकादम हाय गड्या त्यो."

मी तेव्हा नुसता हसलो. किती बरोबर बोललास ते मला पुढच्या हंगामात कळणार होतं.

आता इथे जरा समजावून सांगावं लागेल, नाहीतर रविवारी माणसं जांभया देतील. लिनक्समध्ये यंत्राला जोडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी एक पाटी असते. पाटी म्हणजे एक नाव आणि त्यामागे दोन आकडे. पहिला आकडा सांगतो कुणाला हाक मारायची, म्हणजे कुठल्या कार्डाच्या ड्रायव्हरला, ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला. दुसरा सांगतो त्या कार्डावरची कितवी तार. 'खोली दोन' अशी पाटी असली की यंत्र तिच्या मागचा आकडा बघतं, त्या ड्रायव्हरला हाक मारतं आणि म्हणतं, तुझ्या दुसऱ्या तारेवर काय तापमान आहे ते सांग. या सगळ्या पाट्या एकाच जागी ठेवलेल्या असतात, त्या जागेचं नाव डेव्ह. तू तिला देवघर म्हणायचास. "मी देव मानत न्हाई," म्हणायचास, "पण तुझं देवघर दाखव एकदा. निस्त्या पाट्या? आत कायच न्हाई? मग बराबर हाय."

त्या पाट्या मी एकदाच, हातानं, आज्ञा देऊन बनवल्या होत्या. बनवून मोकळा झालो होतो. माझ्या चुकीची सुरुवात तिथूनच आहे.

पुढच्या वर्षी नवी इमारत झाली, चार खोल्या आणखी. पाच ते आठ. त्यांच्यासाठी कार्ड दुसऱ्या माणसाकडून घेतलं, त्याचा ड्रायव्हर वेगळा. अशा कार्डांना लिनक्समध्ये ठरलेला आकडा नसतो. यंत्र सुरू होताना जो ड्रायव्हर आधी आत येईल त्याला २५४, नंतर येईल त्याला २५३. यंत्र सुरू होताना जी फाईल वाचतं तिच्यात मी जुनं कार्ड आधी लिहिलेलं होतं, म्हणून २५४ त्याचा. नवं मागून, म्हणून त्याचा २५३. पाट्यांवर मी तसंच लिहून ठेवलं. सगळं सुरळीत होतं.

आणि नव्या इमारतीचं उद्घाटन आलं.

आदल्या दिवशी अध्यक्ष माझ्या खोलीत आले. म्हणाले, हवालदार, उद्या पाहुणे येणार, पडद्यावर नवी इमारत आधी दिसली पाहिजे, जुनी मागं. मान नव्याचा. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस वरच्याचं ऐकतो. मी आकडे दाखवण्याचा क्रम बदलला, तेवढं पुरेसं होतं. पण माझ्या डोक्यात मानपान शिरलं. मी म्हटलं, पडद्यावर नवी आधी, मग सुरुवातीच्या फाईलीत तरी जुनी आधी कशाला? तिथेही नव्या कार्डाची ओळ उचलून वर ठेवली. लग्नपत्रिकेत नावं वरखाली करावीत तशी. त्या ओळी कुणा पाहुण्याला दिसणार नव्हत्या. यंत्राला मात्र दिसल्या.

सकाळी यंत्र सुरू केलं. नवं कार्ड आधी आत आलं, त्यानं २५४ घेतला. जुन्याला २५३ मिळाला. पाट्या मात्र होत्या तिथेच होत्या. 'खोली दोन' या पाटीनं हाक मारली आणि ओ दिली सहाव्या खोलीनं.

सहावी खोली रिकामी, आत गारवा सोडलेला, पण दारं पाहुण्यांसाठी उघडी. पडदा म्हणाला: खोली दोन, नऊ अंश. जुन्या इमारतीत त्या दिवशी माल फक्त दोन नंबरमध्ये होता, बापूंचा. तासगावच्या त्या बापूंचा, ज्यांच्या मिशा तू लांबून ओळखायचास. परदेशी जायची द्राक्षं, पेट्या रचलेल्या. नऊ अंश बघून तू गारव्याची झडप उघडलीस. ते तुझं कामच होतं.

दुपारी बारा वाजता मंडपात भाषणं चालू होती. तू माझ्याकडे आलास.

"हवालदार, दोन नंबरचं दार लय गार लागतंय. तुझा पडदा नऊ म्हणतोय."

"पडदा बघ. हात कशाला लावतोस?"

"आत जाऊन थर्मामीटर बघून येतो की. दोन मिंटं."

"पाहुणे आहेत. आत्ता दार उघडू नकोस. अध्यक्षांनी सांगितलंय."

"हात उणे म्हणतोय रं."

"तुझ्या हाताला आज उद्घाटनाची थंडी वाजतीय," मी म्हणालो.

विलास, हे वाक्य मला शब्दाशब्दानं आठवतं. तू हसलास आणि परत गेलास. हसलास, म्हणून मला आणखी टोचतं.

चार वाजता पाहुणे गेले, तू दार उघडलंस आणि तुझी हाक आली. सगळे धावलो. बापूंच्या द्राक्षांच्या गोट्या झाल्या होत्या. पेटी हलवली की खुळखुळ वाजायची.

त्याच्यापुढचा अर्धा तास मी कुणाला सांगितला तर कुणाचा विश्वास बसत नाही. सगळे डोक्याला हात लावून उभे होते. पॅकिंगमधल्या बायका दारात गोळा झाल्या. सखूमावशींनी एक घड उचलला, एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आगं बाई! लय ग्वाड लागतंय!" मग दुसरीनं घेतला. मग तिसरीनं. तू म्हणालास, "घ्या बायांनो, न्हाईतर वितळून चिखल हुईल." बापूंनी स्वतः एक मणी तोंडात टाकला. चेहरा रडवेला, गाल फुगलेला, दाताखाली कडाकडा. "ऐला," ते म्हणाले, "ही अशी ग्वाड असत्यात व्हय." आणि सगळं आवार हसलं. नुकसान समोर रचलेलं होतं आणि माणसं बर्फाची द्राक्षं चघळत होती. तूही खाल्लीस. त्या मार्चच्या उन्हात त्याच्याइतकं चांगलं मी आजवर काही खाल्लेलं नाही, आणि माझ्याच चुकीचं ते फळ होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ठाऊक झालं. यंत्र स्वतःजवळ यादी ठेवतं, कुठल्या ड्रायव्हरला कुठला आकडा दिला त्याची. मी ती काढली. जुन्या कार्डासमोर २५३. मी दोनदा बघितलं. मग फाईलीतल्या ओळी पहिल्यासारख्या केल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि सगळं ठीक झालं.

दहा वाजता कमिटी बसली. तू म्हणालास, पडदा नऊ दाखवत होता. अध्यक्षांनी मला विचारलं, "हवालदार, संगणक बरोबर आहे का?"

मी म्हणालो, "सकाळीच तपासलाय साहेब. बरोबर आहे."

वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

अध्यक्षांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्या आडनावाच्या माणसाला तिथे दोनदा विचारायची पद्धत नव्हती, आणि तुझ्या आडनावाच्या माणसाला एकदाही. हे तुला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि मी त्याचा आडोसा घेतला. इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं गेलं: ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे माल गोठला. तुला कॉम्प्रेसरवरून काढून पॅकिंगच्या शेडमध्ये टाकलं. आणि आठ दिवसांत साऱ्या आवारात तुझं नाव पडलं, बर्फ्या.

तू ते नाव असं मिरवलंस की जणू कुणी पदवी दिलीय. "बर्फ्या आलाय, चहा गार हुईल, लवकर प्या." पण ते नाव तुझ्या गावापर्यंत पोचलं, सुजाताला शाळेत कुणीतरी 'बर्फ्याची पोरगी' म्हटलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही, हे तू मला एकदाच सांगितलंस. शनिवारी आपण दोघं घरी जायचो त्या एसटीत, खिडकीबाहेर बघत.

पुढच्या हंगामात तू शेडमध्ये बायकांची हजेरी घ्यायला लागलास. तुझ्या आधीच्या माणसानं टेबलांवर बायकांची नावं रंगवून ठेवली होती. एखादीची, बहुतेकदा सखूमावशींचीच, एसटी चुकली की तिच्या जागी दुसरी बसायची, आणि दुसरीचं काम पहिलीच्या नावावर जायचं. रोज भांडणं. तू पहिल्याच आठवड्यात रॉकेलचा बोळा घेऊन ती सगळी नावं खरवडून काढलीस. मग रोज सकाळी पाटी-पेन्सिल. कोण आलंय ते बघायचं, कोण कुठे बसलंय ते बघायचं, मगच नाव लिहून टेबलावर ठेवायचं. संध्याकाळी पुसून टाकायचं.

आणि मी? मी भिंतीवर आकड्यांचा तक्ता लावून रोज सकाळी घाबरत यंत्राची यादी तपासत होतो. एकदा वीज कोसळून एक कार्ड जळालं, बदललं, आणि आकडे पुन्हा हलले. या वेळी मी वेळेवर पकडलं. तू चहा घेऊन दारात उभा होतास.

"काय रं, घाम कशाचा?"

मी सांगितलं. पाट्या, आकडे, आधी आलेल्याला आधीचा आकडा. पहिल्यांदाच नीट सांगितलं. तू कप हातात धरून ऐकत राहिलास आणि म्हणालास, "मग कालच्या पाट्या ठेवतोस कशाला?"

"म्हणजे?"

"आरं, तुझा सायेब सकाळी उठला की हजेरी घेतो न्हवं? घेऊ दे की. आदी कालच्या समद्या पाट्या पुसून टाक. मग बग कोण आलंय, कुणाला कुठला आकडा मिळालाय. मग त्येच्या नावानं नवी पाटी लाव. रोज. माज्या सखूमावशीगत."

 मी खुर्ची पुढे ओढली. सुरुवातीच्या फाईलीत ओळी लिहिल्या: जुन्या पाट्या काढ, ड्रायव्हरांची यादी वाच, त्यातून आकडा उचल, त्या आकड्यानं आठ पाट्या नव्यानं बनव. सगळ्या मिळून दहा-बारा ओळी. यंत्र बंद करून चालू केलं. मुद्दाम कार्डांचा क्रम उलटा करून पुन्हा चालू केलं. दोन नंबरच्या पाटीला दोन नंबरनंच ओ दिली. आपण दोघं पोरांसारखे ओरडलो. तू म्हणालास, "आजून एकदा!" मी आणखी एकदा उलटं केलं. पुन्हा बरोबर. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास, चहा कळफलकावर सांडला, आणि तो दिवसभर चिकटत राहिला. मला तो चिकटपणासुद्धा आवडला होता.

मग तू फडकं घेतलंस. कळफलक पुसता पुसता म्हणालास,

"हवालदार, उद्घाटनादिवशी कार्डांचा क्रम बदलला व्हता का रं?"

"व्हय."

"म्हंजे मी दोन नंबर गार करत व्हतो, आन् नऊ अंश दुसरीच खोली दाखवत व्हती?"

"सहा नंबर."

तू हसलास. खरंच हसलास, खो खो. "आयला! माजा हात बराबर व्हता तर!" मग हसू थांबलं. "तुला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"कमिटीच्या आदी?"

"आधी."

तू फडकं घडी करून ठेवलंस. "सांगून टाक," म्हणालास.

"सांगतो," मी म्हणालो.

त्या शनिवारी तासगावहून साताऱ्याच्या एसटीत तू पुढच्या बाकावर बसलास. कोरेगावला उतरलास, मागे वळून बघितलं नाहीस. मी साताऱ्यात मेढ्याची गाडी धरेपर्यंत एकटा. पुढच्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी मी गर्दीतून कसाबसा चढलो, तर तू खिडकीतून टाकलेला रुमाल शेजारच्या जागेवर होता. एक बाई त्या जागेसाठी तुझ्याशी भांडत होती. "माणूस हाय आमचा, येतोय," तू तिला सांगत होतास. मी बसलो. तू शेंगांची पुडी पुढे केलीस.

"सांगितलंस का रं?"

"सांगतो."

"बरं. शेंगा खा."

मी का सांगितलं नाही? आधी नोकरीची भीती. मग सांगलीत शीतगृहवाल्यांचा मेळावा झाला, त्या दहा-बारा ओळी मी तिथे समजावून सांगितल्या, आणि माझा सत्कार झाला. फाईलीच्या पहिल्या ओळीत मी माझं नाव टाकलं होतं, फक्त माझं. शाल आणि नारळ घेऊन परत आलो. आता सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या: चूक माझी होती, आणि हुशारी तुझी. एक जड होती, दोन उचलवेनात. तू शाल बघितलीस, म्हणालास, "नारळ तुला, शाल मला," आणि दुसऱ्या दिवशी भर मार्चात ती पांघरून बायकांची हजेरी घेतलीस. सखूमावशी ओरडल्या, "बगा गं, बर्फ्याला थंडी वाजाय लागली!" सगळं शेड हसलं. मीही हसलो. तू माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावलास. त्या शालीत तू मला किती शिव्या दिल्यास आणि किती माफ केलंस, ते तुझं तुला ठाऊक.

दोन हंगामांनी तुला कॉम्प्रेसरवर परत बोलावलं, कारण नव्या माणसाला खोकला ऐकू यायचा नाही. नाव मात्र चिकटलेलंच राहिलं, वहीही तशीच. पुढे काही वर्षांनी लिनक्सनंच ते काम अंगावर घेतलं. सुरू होताना कोण आलंय ते बघून पाट्या आपोआप लावायला लागलं. मी तुला बातमी दिली. तू छाती फुगवून म्हणालास, "बग, ऐकलं त्येनं आपलं. सखूमावशीला सांगाय पायजे, तिच्या नावानं आख्ख्या जगात पाट्या लागत्यात." आणि तू खरंच जाऊन सांगितलंस. त्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी तुला पेरू दिला.

रागवून तू मला कधी विचारलं नाहीस. विचारलंस मात्र सगळीकडे: लग्नात, बारशाला, माझ्या बायपासनंतर खाटेशेजारी. "सांगितलंस का रं? न्हाई? मग मरू नगंस आजून." गेल्या महिन्यात साताऱ्याच्या दवाखान्यात तुझ्या नाकात नळी होती. मी द्राक्षं नेली होती. तू एक मणी बोटांत फिरवलास.

"यंदा?"

"यंदा नक्की."

"मग मी बी थांबतो," म्हणालास.

या एका बाबतीत तू शब्द पाळला नाहीस. मी पाळलाय, विलास. ऐक.

तुला निरोप देऊन पाच दिवस झाले होते. संस्थेची सर्वसाधारण सभा होती. मी आता सभासद नाही, पण अध्यक्षांची परवानगी मागितली. आताचे अध्यक्ष त्या वेळच्या अध्यक्षांचे पुतणे. म्हणाले, बोला काका, दोन मिनिटं.  माईक हातात घेतला आणि पहिलं वाक्य म्हणालो: "दोन नंबरच्या खोलीतली द्राक्षं विलासनं गोठवली नाहीत, मी गोठवली." मग सगळं सांगितलं. पाट्या, आकडे, मानपान, सकाळी सहा वाजता, दहा वाजता. तुझा तळहात. मग सखूमावशीची हजेरी, आणि त्या दहा-बारा ओळी कुणाच्या होत्या ते.

 मग मागच्या रांगेतून बापू काठी टेकत उठले. नव्वदीला आलेत. मिशा अजून तशाच.

"आरं हवालदार," ते म्हणाले, "आता सांगतोस व्हय? मी त्या पोराला तोंडावर बर्फ्या म्हणलोय. दर टायमाला. आन् त्यो दर टायमाला मला चा पाजायचा."

"व्हय बापू."

"मग बर्फ्या तू."

सभा हसली. बापू हसले नाहीत. उभे राहूनच म्हणाले, "ल्ह्या त्या वहीत. चूक कुणाची व्हती त्ये ल्ह्या. आन् त्या पोराचं पुरं नाव ल्ह्या, आडनावासकट. आमी समदी सही करतू." जुनी वही शोधायला तास गेला. कपाटाच्या तळाशी होती, वाळवीनं कडा खाल्लेली. जुन्या ठरावाखाली दुरुस्ती लिहिली गेली. पहिली सही माझी, दुसरी बापूंची, मग रांगच लागली. माझ्या वयाची माणसं, त्यांची मुलं, बेदाण्याच्या शेडमधल्या दोन बाया ज्यांना तू ठाऊकही नव्हतास. त्या पानाची प्रत रविवारी सुजाताच्या हातात देईन. तिनं मला त्यानंतर काका म्हणायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.

आणि आवारातल्या पोरांनी मला आता बर्फ्या म्हणायला सुरुवात केलीय. चहावाल्यानं काल विचारलं, "बर्फ्या आजोबा, साखर किती?" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

सभा संपल्यावर जुन्या इमारतीकडे गेलो. संगणकाची खोली आता क्रेटांची अडगळ आहे. दोन नंबरचं दार तेच, रंग नवा. आत कुणाचातरी माल होता. मी दारावर तळहात ठेवला, तू ठेवायचास तसा, बोटं पसरून. मला काहीच कळलं नाही. गार होतं, एवढंच.

"सांगितलं रं," मी म्हणालो.

भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर चालू होता. मधेच एकदा खोकल्यासारखं झालं. तिथला माणूस फोनमध्ये बघत बसला होता. मी आत गेलो, बोट ओठावर ठेवलं आणि त्याला म्हणालो, "जरा ऐक. आज दुपारी तेल बघून घे."